बंब केवढा घ्यावा?

माणूस जन्मभरात शेकडो वस्तू विकत घेतो, परंतु वस्तू दाखवण्याआधी दुकानदाराने "घरात माणसं किती?" असे विचारावे, अशा वस्तू त्यांत फार थोड्या. कापड घेताना अंगाचे माप विचारतात, जोडे घेताना पायाचे. पाणी तापवण्याचा बंब घ्यायला गेलात तर मात्र तांबट तुमच्या अंगाकडे पाहत नाही. तो तुमच्या घराची चौकशी करतो. प्रश्न साधा, उत्तर एका आकड्याचे. तरीही हा आकडा सांगताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. नीतिशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत ज्याची चर्चा चालते त्यातला बराचसा भाग या एका प्रश्नात येऊन बसला आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

ज्यांच्या न्हाणीत भिंतीवरचा पांढरा गिझर कळ दाबताच पाणी तापवून देतो, त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. बंब म्हणजे तांब्याचे किंवा पितळेचे उभे पिंप. त्याच्या पोटातून एक नळा आरपार वर जातो. खाली जाळी, जाळीवर जळतण, जाळीखाली राख पडायला जागा आणि त्या जागेला लहानसे दार. जाळ नळ्यातून वर चढतो, नळ्याभोवतीचे पाणी तापते, उरलासुरला धूर वरच्या तोंडातून बाहेर पडतो. बाजूला तोटी. बस्स, एवढेच यंत्र. पथ्य एकच, की नळा पाण्याने वेढलेला हवा. बंब अर्धा रिकामा ठेवून खाली जाळ केला, तर उघड्या पडलेल्या नळ्याचा डाग सुटतो आणि बंब गळू लागतो. म्हणजे दोन माणसांसाठी पाणी हवे असले तरी बंब भरावा लागतो तो पूर्णच. हे पथ्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

आमच्या नांदेड-लातूरकडची थंडी म्हणजे काही हिमालयाची थंडी नव्हे. पौषात पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, क्वचित त्याच्याही खाली जातो, आणि त्याच दिवशी दुपारी सदरा अंगाला चिकटतो. घर तापवण्याची गरज आम्हाला पडत नाही. माणूस तेवढा तापवला की पुरे. त्यासाठी पहाटेची शेकोटी आणि अंघोळीचे कढत पाणी. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, चौदा किलो दोनशे ग्रॅमचे सिलिंडर खेड्यापाड्यांत पोचले, आणि भाकरी कित्येक घरांत गॅसवर भाजली जाऊ लागली. पण अंघोळीचे पाणी गॅसवर ठेवणे बायकांच्या अजूनही जिवावर येते. सिलिंडरला पैसे पडतात. तुराट्या आणि पऱ्हाट्या शेतात उभ्याच असतात. त्यामुळे झाले काय, की स्वयंपाकघरातली आग विझली नाही. ती उठून अंगणात येऊन बसली. तुरीचे रान जिथवर आहे, तिथवर अंगणातल्या चुलीला किंवा बंबाला मरण नाही. डाळीचा भाव लातूरच्या अडतीत ठरतो, पण तुराटीचा भाव अंघोळीला बसणारालाच ठाऊक.

आमच्या घरचा बंब आजोबांच्या काळचा. लातूर जिल्ह्यातल्या गावी, माळवदाच्या घरात, चौदा माणसांच्या अंघोळी त्याच्यावर उरकत. साठ लिटर पाणी मावेल असा, तांब्याचा, खांद्याशी रुंद आणि तळाशी किंचित निमुळता. पुढे वाटणी झाली. थोरले बंधू पुण्याला गेले, मधले उदगीरला, मी नांदेडला शाळेत लागलो. शेताचे तुकडे झाले, भांड्यांचे ढीग झाले, बैलांची किंमत ठरली. बंबाचा उल्लेख मात्र वाटणीच्या कागदात राहूनच गेला. आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हा बंब तिच्याबरोबर आला. आता घरात माणसे चार: आई, पत्नी, मुलगी आणि मी. गेल्या वर्षी आश्विनात बंबाचा नळा पुन्हा गळू लागला. तांबटाने आतून बोट फिरवून पाहिले आणि सांगितले, "गुरुजी, आता पत्रा राहिला नाही, डागच डाग राहिलेत. नवा घ्या."

नवा घ्यायचा तर केवढा? मी शाळामास्तर असल्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिशेब सातवीच्या मुलालाही जमेल असा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. नळाचे पाणी हिवाळ्यात वीस अंशांचे धरू. अंगावर घ्यायचे ते चाळीस अंशांचे. पंधरा लिटरच्या एका बादलीला लागल्या तीनशे किलोकॅलरी, चौघांच्या मिळून बाराशे. वाळल्या लाकडाच्या एका किलोत साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. म्हणजे चार माणसांच्या अंघोळीला, उष्णता वाया जाणारच नसेल तर, पाव किलोहून थोडे अधिक लाकूड पुरे! प्रत्यक्षात मी दिवाळीआधीच्या आठवड्यात जळतण तोलून पाहिले, तर रोज दोन किलोंच्या खाली काटा आला नाही. बाकीचे गेले कुठे? काही नळ्यातून आकाशात गेले, त्याला इलाज थोडा. जळतण ओले असेल तर त्यातले पाणी उडवण्यातच बराच जाळ खर्ची पडतो. त्याला इलाज उन्हाचा. पण तिसरा भाग बंबाच्या आकाराने खाल्लेला. साठ लिटर पाणी वीसवरून साठ अंशांवर न्यायला चोवीसशे किलोकॅलरी हव्यात. साठ अंशांचे पाणी कोणी अंगावर घेत नाही. निम्मे गरम, निम्मे गार अशी बादली भरतो. म्हणजे चौघांना लागले तीस लिटर गरम पाणी. उरलेले तीस लिटर दुपारपर्यंत पुन्हा गार. बंब अर्धा भरून चालत नाही, हे पथ्य वर सांगितलेच आहे. गेलेल्या चौदा माणसांपैकी दहांसाठी आम्ही रोज पहाटे पाणी तापवीत होतो आणि रोज दुपारी ते गार होऊ देत होतो.

कागद आईला वाचून दाखवला. ती जात्यावरून उठल्यासारखी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "चारच मानसं लिहिलास का? थोरला येतो दिवाळीला, बहिणी येतेत, त्यांची लेकरं येतेत. ती काय मानसं न्हाईत व्हय?"

"माय, ती वर्षातनं चार दिवस येतेत."

"चार दिवस येतेत, पण येतेत का न्हाई? आन् पानी न्हाई म्हनून कुनी आल्या पावली गेलं तर?"

या प्रश्नाला कागदावर उत्तर नव्हते. मी माणसे मोजत होतो, आई नाती मोजत होती. घरात माणसे किती, याचे माझे उत्तर रेशनकार्डाचे. तिचे उत्तर पंगतीचे. आणि खरे सांगायचे तर तिच्या हिशेबात एक चोरकप्पा होता. साठ लिटरचा बंब अंगणात उभा आहे तोवर घर फुटलेले नाही. तो जाऊन तिथे तीस लिटरचा आला की वाटणी पुरी झाली. कागदावर जे लिहायचे राहून गेले होते ते आता तांब्यात लिहिले जाणार होते. म्हातारपणी माणसाच्या हातून एकेक वस्तू सुटत जाते. त्यांतली शेवटची वस्तू कोणती, हे बाहेरच्यांना ओळखता येत नाही.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो: माणसाने आपल्या आगीचे माप रोजच्या दिवसावरून ठरवावे की सणाच्या दिवसावरून? रोजच्या दिवसावरून ठरवले तर पाहुणा आला म्हणजे हात आखडतो. सणावरून ठरवले तर तीनशे साठ दिवस जळतण वाया जाते. कुणी म्हणेल, अहो, दोन किलो तुराट्यांचे काय घेऊन बसलात! पण त्या तुराट्या शेतातून कोणाच्या तरी डोक्यावरून येतात, आणि ते डोके बहुधा बाईचे असते. शिवाय प्रश्न तुराट्यांचा राहत नाही. घर केवढे बांधावे, लग्न केवढे करावे, कर्ज केवढे काढावे, मुलासाठी किती साठवून ठेवावे, या सगळ्यांत हाच पेच आहे. आपण आपल्या गरजेला फारच क्वचित मोजतो. बहुतेक वेळा आपण भीतीला मोजतो, नाहीतर प्रतिष्ठेला. भीती म्हणते, कमी पडले तर? प्रतिष्ठा म्हणते, कमी दिसले तर?

आपल्या जुन्या याज्ञिकांनी आगीला मापे घालून दिली होती. शुल्बसूत्रांत गार्हपत्य अग्नीची जागा वर्तुळाची, आहवनीयाची चौरस आणि दक्षिणाग्नीची अर्धवर्तुळाची. पण तिन्हींचे क्षेत्रफळ सारखे. वर्तुळाइतका चौरस कसा काढावा, या भूमितीच्या खटाटोपाचे एक मूळ या अग्नीच्या मापांत आहे. उलट अग्निचयनाची वेदी पहिल्या खेपेला साडेसात पुरुष क्षेत्राची, दुसऱ्या खेपेला साडेआठ, अशी एकेकाने वाढत थेट एकशे साडेएकपर्यंत जाते. माणसाच्या हव्यासाला तिथेही आकडा होता, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते. हव्यास नको असे कोणी म्हटले नाही. मोजून करा म्हणाले.

भीतीने माप वाढवले की काय होते, हे आम्हा लातूरकडच्या लोकांना कोणी शिकवायला नको. आमच्याकडची जुनी घरे माळवदाची. जाड दगडी भिंती, लाकडी खणांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब. संध्याकाळच्या स्वयंपाकाची धग भिंती रात्रभर धरून ठेवीत. अशा घराला निराळी शेगडी लागत नसे. पण माळवद गळते. म्हणून दर पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकायची. यंदा थोडी, पुढल्या वर्षी थोडी. बाप टाकी, मुलगा टाकी. जुनी माती काढून मग नवी टाकावी, एवढा खटाटोप कोण करतो? वर फूट-दीड फूट मातीचा थर साचलेला असे, आणि तो थर जितका जाड तितका घरधनी निर्धास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, किल्लारी आणि आसपासची गावे हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लोक गणपती बोळवून उशिरा झोपले होते. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. हजारो माणसे मेली, ती भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. पण पुष्कळांना मारले ते त्यांच्या स्वतःच्या घराने, पिढ्यान्‌पिढ्या पावसाच्या भीतीने डोक्यावर चढवत नेलेल्या मातीने आणि चिखलात रचलेल्या दगडांनी. त्या मातीला कोणी दोष देऊ नये. ती टाकणारे शहाणेच होते. त्यांनी एका संकटाचे माप घेतले होते; दुसरे संकट त्यांच्या मोजणीतच नव्हते.

आणि मग नवी घरे आली, तीही मापाची. जागतिक बँकेच्या मदतीने सरकारने बावन्न गावे नव्या जागी वसवली. घर केवढे द्यायचे हे ठरले जमिनीवरून: भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला चारशे, सात हेक्टरांपुढे साडेसातशे. कोणत्यातरी मापाने वाटप करावेच लागते, आणि एवढ्या घाईत करावे लागते तेव्हा तलाठ्याच्या कागदातले माप हाताशी येते, हे मला कळते. मोठ्या खातेदाराला बी-बियाणे, औते, धान्य ठेवायला जागा लागते, हेही खरे. तरी शाळामास्तराच्या मनातून एक शंका जात नाही. भूमिहीनाच्या घरात सात माणसे आणि बागाईतदाराच्या घरात तीन, असे असेल तर? जमीन अधिक म्हणून माणसाला थंडी अधिक वाजते की काय? तांबट निदान माणसे किती ते विचारतो.

मोठ्या मापाने नुकसान होते ते घरधन्याचे; मग आम्हाला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. गंमत अशी की ते फक्त घरधन्याचे होत नाही. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत उत्तरेकडच्या एका राज्यात राहतो. तिकडची थंडी खरी थंडी. त्याने फोनवर सांगितले, "सर, इथे खेड्यातले लोक अंगणात बंबच ठेवतात!" त्याने वर्णन केले तेव्हा माझीही खात्री पटली. घरापासून काही अंतरावर एक लहानशी खोली दिसावी अशी लोखंडी भट्टी. आत लाकडाचे ओंडके. भोवती पाण्याची टाकी. तापलेले पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून घरात जाते, खोल्या तापवते आणि परत येते. आमचा बंब चार बादल्यांचा, त्यांचा बंब अख्ख्या घराचा, एवढाच फरक. आणि प्रश्नही तोच: केवढा घ्यावा? शहाणा विक्रेता घराच्या भिंती-खिडक्यांतून किती ऊब निसटते ते मोजतो, वर्षातली कडाक्याची रात्र कोणती ते पाहतो. पण पुष्कळ गिऱ्हाइके म्हणतात, असू द्या एक नंबर मोठा, थंडीचा काय भरवसा.

आता मोठ्या भट्टीचे होते असे. घराला लागते थोडी उष्णता, भट्टी देऊ शकते पुष्कळ. पाणी हवे तेवढे तापले की भट्टीचे वाऱ्याचे झाकण आपोआप मिटते. आग विझत नाही, पण तिला वारा मिळत नाही. ती नुसती घुसमटत राहते. आणि घुसमटलेली आग धूर करते, मोकळी जळणारी आग करीत नाही इतका. लाकडातला चीक न जळता काजळी होऊन धुराड्याला आतून चिकटतो, उरलेला खाली उतरून शेजाऱ्याच्या दारात जातो. या धुराच्या इतक्या तक्रारी झाल्या, की २०१५ साली तिथल्या केंद्र सरकारने अशा भट्ट्यांच्या धुरावर मर्यादा घालणारे नियम केले. गरजेपेक्षा मोठी आग ही पुरती पेटूच शकत नाही, ही गोष्ट मला ऐकताक्षणी पटली, आणि पटली ती फक्त लाकडाबद्दल नव्हे. मोठ्या हुद्द्यावर बसवलेला लहान कामाचा माणूस मी पाहिला आहे. तो दिवसभर असाच धुमसत असतो.

हे मला इतक्या लवकर पटण्याचे कारण आमची गल्ली. तिथे एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात. मुलगा-सून परगावी, घरात दोघे नवराबायको. बंब मात्र भल्या मोठ्या कुटुंबाचा. पहाटे चारला पेटवायचा, बाभळीचे ओलेसुके ओंडके घालायचे, आणि पाणी नऊपर्यंत कढत राहावे म्हणून राखेचे दार लावून घ्यायचे. दार लावले की धूर. समोरच्या घरातल्या मुलाला दम्याची धाप. दोन हिवाळे कुरबुर चालली, तिसऱ्या हिवाळ्यात भांडण झाले, आणि मास्तर म्हणून मला मध्ये बसवण्यात आले.

गृहस्थांचे म्हणणे बिनतोड होते. "सरपण माझं, बंब माझा, अंगण माझं. यात दुसऱ्याचा काय संबंध?"

मुलाची आई दारातूनच म्हणाली, "काका, सगळं तुमचंच आहे. मग धूर तेवढा आमचा कसा झाला?"

मालकी हक्काविषयी मी जे थोडेबहुत वाचले आहे, त्यात या वाक्याइतके नेमके काही मला आढळले नाही. मनुष्य वस्तू आपल्या नावावर करून घेतो, पण तिचे उरलेले, सांडलेले, न जळलेले ते कोणाच्याच नावावर नसते. ते वाऱ्याच्या स्वाधीन. वारा जिकडे नेईल त्याने ते सोसावे. जो भोगतो त्याच्यापुरते भोग संपत असते तर प्रत्येकाने आपले माप आपण ठरवावे, इतरांनी बोलू नये, हा न्याय चालला असता. आगीच्या बाबतीत तो चालत नाही. त्या दिवशी निकाल काही लागला नाही. गृहस्थ म्हणाले, "नवा बंब कुणासाठी घेऊ? आम्ही दोघंच तर आहोत." त्या बोलण्यात राग नव्हता. मला एकदम आईची आठवण झाली. मुले परत येतील या आशेचा आकार त्यांच्याही अंगणात तांब्याचा होऊन उभा होता, आणि त्याचा धूर समोरच्या पोराच्या छातीत जात होता. आता यात दुष्ट कोण?

एवढ्यावरून मी काटकसरीचा पुरस्कर्ता आहे असे कोणी समजू नये. मी राहतो ते गाव नांदेड आहे. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली जिथे देह ठेवला, तिथे सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला देशोदेशीचे लोक येतात, आणि लंगरात पंगतीवर पंगती उठतात. २००८ साली गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीला लाखो माणसे आली, तेव्हा आमच्या शहरातल्या गल्लीबोळांना माणसांचा पूर आला होता. लंगराच्या भट्टीपाशी जाऊन कोणी विचारावे, "घरात माणसं किती?" तिथे या प्रश्नाला अर्थच नाही, जो बसेल तो घरचा. माझा कागदी हिशेब त्या भट्टीसमोर ठेवला तर पोरकट दिसेल. मोजून पेटवलेल्या आगीवर असे औदार्य शिजत नाही.

तरीही तिथे उभे राहून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्या मोठ्या आगीवर रिकामी कढई नसते. आग मोठी आहे, कारण खाणारे खरोखर येऊन बसले आहेत, आणि तिला जळतण घालणारे, डाळ ढवळणारे, भांडी घासणारे हात तितकेच आहेत. लंगर चालवणाऱ्याची आग मोठी आणि आमच्या गल्लीतल्या गृहस्थांची आग मोठी, या दोन्ही मोठेपणांत हे अंतर आहे. एक आलेल्यांसाठी जळते, दुसरी न आलेल्यांसाठी. अर्थात न आलेल्यांसाठी काहीच पेटवू नये असे म्हणण्याचा मला धीर होत नाही. आई समोर बसलेली असते.

पाण्याचाही विचार करायला हवा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन पोचली. त्या दिवसांत आमचे एक आप्त लातूरला राहत. त्यांच्या घरी मोठा पितळी बंब होता, आणि तो त्यांनी पालथा घालून ठेवला होता, कारण भरल्याशिवाय तो पेटवता येत नाही आणि भरण्याइतके पाणी घरात कधी जमलेच नाही. मोठे भांडे हे संकटकाळाची तरतूद असते, ही माझी समजूत त्या पालथ्या बंबाने मोडली. कमी पाण्यात लहान तांब्याच उपयोगी पडतो.

अखेर आम्ही तीस लिटरचा बंब घेतला. मुलगी त्याला "बंबुल्या" म्हणते. आता सव्वा किलोच्या आत भागते, राखेचे दार उघडे ठेवून, मोकळ्या जाळावर, वाळलेल्या तुराटीने. वीस मिनिटांत पाणी तयार आणि आग आपोआप शांत. जुन्या बंबाचे तांबे मोडीत घालायचे म्हटले तर वाटणीच्या कागदात नसलेल्या त्या एकमेव वस्तूचे तीन हिस्से करावे लागले असते. दोन्ही भावांना फोन केला. मधले म्हणाले, "तू ठरव." थोरले थोडा वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले, "राहू दे. मायचा आहे." तो अंगणाच्या कोपऱ्यात उभा आहे. त्यात आई हरभऱ्याची डाळ ठेवते.

पाहुण्यांच्या पाण्याचा तोडगा तिनेच काढला, आणि तो बंबाहून फार जुना होता. तीन दगड. दगडांच्या चुलीला ठरलेले माप नसते. भांडे लहान असले तर दगड जवळ सरकवायचे, मोठे असले तर लांब. गेल्या नरक चतुर्दशीला भाऊ, भावजया, बहिणी, पोरेबाळे मिळून सतरा जण घरात होते. पहाटे तीनला अंगणात दगड मांडले, वर गावाकडचा मोठा हंडा चढवला, आणि पोरांनी पाळीपाळीने जळतण सारले. धूर झाला, नाही असे नाही. समोरच्या बाईंना मी आदल्या संध्याकाळी सांगून ठेवले होते, तेव्हा त्यांनी मुलाला मागच्या खोलीत निजवले आणि पुढच्या खिडक्या लावून घेतल्या. पाच वाजता त्यांची मोठी मुलगी दोन बादल्या घेऊन आली. हंड्यात पाणी होते, आईने तिच्या बादल्या आधी भरून दिल्या, आणि थोरल्यांना म्हणाली, "तू थांब जरा."